आणि जमिनीचं काय?
'१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतले गुलाम स्वतंत्र झाले' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. त्याच दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, अशी फट ठेवली होती. दक्षिणेतल्या राज्यांनी मग हाताला काम नसणं हाच गुन्हा ठरवला आणि पकडलेली माणसं मळ्यांना, खाणींना भाड्याने दिली!

आणि जमीन? जानेवारी १८६५ मध्ये यादवी युद्धातले उत्तरेचे सेनानी जनरल शर्मन यांच्या आदेशाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन मिळाली होती. लोकांनी ती कसायला घेतली. ऑक्टोबरात मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये सांगायला आले, की ती जुन्या मालकांना परत जाणार. अध्यक्ष जॉन्सन यांनी युद्धात दक्षिणेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या मालकांना माफी दिली होती ना! पिढ्यान्‌पिढ्या तिथे घाम गाळलेल्यांच्या वाट्याला पुन्हा दुसऱ्याचंच शेत, तेही अर्धेलीने. लेखात यावर एक ओळही नसावी, याचं फार वाईट वाटलं.