आमच्या विहिरीतलं कासव

पहाटेचे चार वाजून गेले तेव्हा कुठं ती मशीन बंद झाली. रात्री साडेदहापासून मागच्या गल्लीत बोअरची गाडी लागली होती, तामिळनाडू पासिंगची. साडेपाच तास खिडक्यांची तावदानं थरथरत होती. सकाळी पाहते तर तुळशीवर, कूलरच्या ताट्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, सगळीकडं दगडाच्या पिठाचा राखाडी थर. साडेचारशे फूट गेले आणि शेवटपर्यंत धूळच उडाली. ओल म्हणून लागली नाही.

मागच्या घराचे मालक, आमचे शेजारी भाऊ, फाटकाशी उभे होते. रात्रभर झोप नाही, डोळे लालभडक. मला म्हणतात, "ताई, आता त्या कोपऱ्यात पाहतो. पाणी शोधून देणाऱ्या पानाड्यानं तिथंही नारळ उभा करून दाखवला."

मी काही बोलले नाही. घरात येऊन हे लिहायला बसले आहे. बोलले असते तर भांडण झालं असतं.

आमच्या ले-आऊटमध्ये चाळीसेक घरं आहेत आणि बोअर नाही असं एकही घर नाही. २००१ मध्ये आम्ही बांधलं तेव्हा एकशे दहा फुटांवर दोन इंची पाणी लागलं होतं. पेढे वाटले होते आम्ही. दहा वर्षांनी एकशे ऐंशीवर जावं लागलं. आणि गेल्या आठवड्यापासून नळ सोडला की आधी हवा येते, मग खोकल्यासारखं थोडं पाणी, मग परत हवा. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, तर अजून लागायचाच आहे.

आज दिवसभर माहेरची, नागपूरच्या महाल भागातली विहीर डोळ्यापुढून हलत नाहीये.

आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात होती. दगडी बांधणीची, चाळीस फूट खोल, वर लोखंडी गराडी. तिच्यात एक कासव होतं. आजीच्या सासऱ्यांनी सोडलेलं म्हणायचे, खरं-खोटं देव जाणे. दुपारी ऊन बरोबर डोक्यावर आलं की ते वर यायचं आणि आम्ही पोरं काठावर पोटावर पडून त्याला भाताची शितं टाकायचो. बाबा दरवर्षी अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरायच्या आधी, दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचे. दगड पाण्याला टेकला की दोराला गाठ मारायचे. मागच्या वर्षीच्या गाठीपेक्षा यंदाची गाठ खाली आली की जेवताना सांगायचे, "आता सडा एकच वेळ. धुणं एक दिवसाआड." बस, एवढंच. कुणी वाद घालायचं नाही, कारण कुणीही जाऊन डोकावून बघू शकत होतं. पाणी दिसत होतं.

माझा सगळा राग इथं आहे. बोअरनं पाणी दिसेनासं केलं. सहा इंचाच्या पाइपात डोकावून काय दिसणार? बटण दाबलं, टाकी भरली, ओव्हरफ्लो झाली, अर्धा तास रस्त्यावर वाहिली तरी कुणाला काही कळत नाही. आणि कळतं तेव्हा थेट हवाच येते.

त्यात लोकांना वाटतं की खोल गेलं की पाणी आहेच. अहो, नागपूरच्या खाली काय आहे हे एकदा समजून तर घ्या! दख्खनचा काळा दगड, सीताबर्डीची टेकडी ज्याची आहे तोच, आपल्या शहराच्या आसपास येऊन संपतो. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुना ग्रॅनाइटसारखा कडक दगड. दोन्हीकडं पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. अख्ख्या दगडाच्या आकारमानात वापरता येईल असं पाणी जेमतेम शंभरात एक ते तीन भाग. आणि जसजसं खाली जावं तसतशा भेगा मिटत जातात, कारण वरच्या दगडाचं ओझं असतं. साडेचारशे फुटांवर भेग लागली तर नशीब, आणि लागली तरी तिच्यात साठलेलं पाणी किती जुनं, ते परत भरायला किती पावसाळे लागतील, याचा विचार कोण करतो? आमच्या आधीच्या पिढ्या चाळीस-पन्नास फुटांवर थांबल्या कारण पाणी तिथंच आहे. पाऊस जिथपर्यंत मुरतो तिथपर्यंत विहीर. इतकं साधं होतं ते.

आणि शेजारचे भाऊ म्हणतात, "माझ्या प्लॉटमधलं पाणी आहे, ताई." कायदाही दुर्दैवानं तेच म्हणत आला आहे. इंग्रजांचा १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा, आपल्या जमिनीखालचं पाणी काढून घ्यायचा हक्क मालकाला देणारा. पुढं राज्यानं १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको असा कायदा केला, मग २००९ चा भूजल अधिनियम आला. कागदावर बरंच काही आहे. पण रात्री साडेदहाला गाडी लागते तेव्हा विचारायला कोण येतं? आमच्या नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले, "घरगुती आहे न, जाऊ द्या." पाण्याला प्लॉटची कंपाऊंड वॉल कळते का हो? भाऊंनी उपसलं की आमचं खाली जातं. आम्ही उपसलं की त्यांचं गेलं असणार. आमच्या एकशे ऐंशी फुटांनी कुणाची तरी पन्नास फुटांची विहीर कोरडी केली असणार, हे मला आज पहिल्यांदा कळलं असं नाही. आज पहिल्यांदा मी ते लिहिते आहे.

आमची विहीर २००४ मध्ये बुजवली. वाटण्या झाल्या, दादाच्या वाट्याला मागचं अंगण आलं, गाडी ठेवायला जागा हवी होती. दादा म्हणाला, "आई, नळ येऊन राहिला न आता दारात. विहिरीत डास होतात फक्त." मी त्या दिवशी माहेरीच होते. मलब्याची ट्रॉली मागं घेतली आणि रिकामी केली. विटा, जुनी कौलं, चुना. मला वाटलं होतं धाडकन आवाज येईल. पण पाण्यात पडल्याचा आवाज आला, खोल, भरलेला. मेचा महिना होता आणि विहिरीत पंधरा-सोळा फूट पाणी होतं! तिसऱ्या ट्रॉलीला पाणी वर यायला लागलं, गढूळ, चुन्यानं पांढरं झालेलं. पाचव्या ट्रॉलीला काठाला लागलं आणि अंगणात सांडलं. आई ओट्यावर बसून होती. एवढंच म्हणाली, "पाणी होतं रे अजून."

मी काही बोलले नाही. तेव्हाही.

हो, मान्य आहे, ज्या ले-आऊटमध्ये नळाची लाइनच पोचली नाही, तिथली माणसं बोअर नाही करणार तर काय टँकरमागं धावणार? आणि पंचेचाळीस डिग्रीत कूलरशिवाय राहा असं मीही कुणाला म्हणणार नाही. पण नळाच्या भरवशावर विहिरी बुजवणाऱ्यांनी २०१९ चा जुलै आठवावा. शहराला पाणी देणाऱ्या पेंच नदीचं पाणी आटलं, तिच्यावरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं, वर चौरईला मध्य प्रदेशानं धरण बांधलेलं, आणि शहराला दिवसाआड पाणी. तेव्हा महालातल्या ज्यांच्या विहिरी शिल्लक होत्या त्यांच्याकडं रांगा होत्या. माझी मावशी सांगायची, चाळीस वर्षांत बोलणं नव्हतं ते शेजारी घागरी घेऊन आले.

त्यात वरून हे सिमेंटचे रस्ते! गल्लीबोळात सिमेंट, अंगणात पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. आपली काळी माती आधीच पाणी हळू पिते, तिच्या तोंडावर पण झाकण. मग २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र होते. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घरात शिरली, माणसं गेली, लोकांची आयुष्यभराची चीजवस्तू चिखलात गेली. आणि आठ महिन्यांनी त्याच वस्त्यांत बोअरला हवा. त्या रात्रीच्या पाण्यातलं थोडं तरी खाली जायला वाट ठेवली असती तर?

नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे एक लाख लिटर. एक लाख! पाच हजार लिटरचे वीस टँकर. ते आपण पाइपानं गडर लाइनीत सोडतो आणि मेमध्ये दीड लाख खर्चून साडेचारशे फूट धूळ काढतो. गच्चीचा पाइप वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत किंवा बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडायला त्याच्या दहाव्या हिश्श्याचाही खर्च नाही. पहिला पाऊस वाहू द्यायचा, गच्ची झाडून ठेवायची, आणि शौचालयाची टाकी लांब हवी, कारण गडरचं पाणी मुरलं की नायट्रेट वाढतं आणि ते उकळूनही जात नाही. एवढी काळजी घेतली की झालं.

भूजल सर्वेक्षणवाले, १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेली यंत्रणा, वर्षातून चार वेळा गावोगावच्या ठरलेल्या विहिरींची पातळी मोजतात. बाबांच्या दोराच्या गाठीचंच मोठं रूप. पण आमच्या चाळीस घरांत आमची पातळी कुणाला माहीत आहे? एकाला नाही. वरूड-मोर्शीकडं बघा, संत्र्याच्या बागा जगवायला बोअर मारता मारता काय दशा करून घेतली. वाळलेल्या झाडांची तोडणी मी डोळ्यांनी पाहिली आहे, काटोलच्या रस्त्यावर. वीस वर्षांची झाडं, सरपणाच्या भावानं.

दुपारी थोडी शांत झाले तेव्हा भाऊंकडं गेले. चहा झाला. म्हटलं, दुसरा बोअर मारू नका, या कोरड्या बोअरला गच्चीचं पाणी जोडा, अर्धा खर्च आम्ही देतो, उपसणार तर दोघंही आहोत. ते बराच वेळ कप हातात धरून बसले. "घरात विचारतो," म्हणाले. बिचाऱ्यांनी कर्ज काढलंय त्या साडेचारशे फुटांसाठी. सकाळचा माझा राग तिथंच विरला.

मग दादाला फोन केला. कासवाचं काय झालं होतं, विचारलं. म्हणाला, "तुला नाही माहीत? आईनं आदल्या दिवशी बालटी सोडून काढायला लावलं. 'शुक्रवारी तलाव' आहे न, त्यात सोडून आलो, सायकलवर. पूर्ण रस्ताभर मान आत घेऊन बसलं होतं."

मला नव्हतं माहीत. वीस वर्षं मला वाटत होतं ते खालीच राहिलं.

नंतर दादा स्वतःहूनच बोलला. दर पावसाळ्यात पार्किंगची फरशी बरोबर त्या गोलात खचते म्हणे. दरवर्षी मुरूम टाकून परत बसवतो, दरवर्षी परत खाली जाते. मी विचारलं, यंदा बसवू नको, उघडायची का? थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "गाडी काय, रस्त्यावर लावीन."

महाल-इतवारीकडं जुनी विहीर उपसणारी, मलबा काढणारी माणसं कुणाच्या माहितीत असतील तर नंबर इनबॉक्समध्ये टाका. बांधणी दगडी आहे, शाबूत असेल असं दादाला वाटतं. रविवारी मी जाते आहे.