आईची साखर, आईचा दंड, आणि फोन म्हणतो अपडेट करा

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर तोच व्हिडिओ. निळी रक्तवाहिनी, त्यात चकचकीत रोबो पोहतायत, एक कॅन्सरची पेशी पकडतो, दुसरा थेट डॉक्टरच्या मोबाइलवर मेसेज टाकतो. आणि ज्यांना मी शहाणे समजतो ते आपलेच लोक खाली हात जोडलेले इमोजी टाकतायत. डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो.

पहिलं म्हणजे असलं काही आज कुणाच्याही रक्तात फिरत नाहीये. नॅनो औषधं आहेत आणि ती जुनीच आहेत, डॉक्सिल १९९५ पासून मिळतं, कॅन्सरचं औषध चरबीच्या इवल्या कणांत भरलेलं. कोविडच्या एमआरएनए लशीतही तसलेच कण होते. पण ते कण कुणाशी बोलत नाहीत. (तेव्हा लशीत चिप आहे म्हणून घाबरलेले काहीजण आज याच व्हिडिओला हात जोडतायत, असो.) एकमेकांशी बोलणाऱ्या यंत्रांची कल्पना, इंटरनेट ऑफ नॅनो थिंग्ज, अकिल्दिझ आणि जोर्नेट या संशोधकांनी २०१० मध्ये मांडली, आणि कल्पना जबरदस्तच आहे. लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, यंत्र तिच्याहून लहान, बॅटरी मावणार कुठे, मग शरीराच्या हालचालीतूनच वीज काढायची. ग्राफीनचा (कार्बनचा एका अणूएवढा पातळ थर) अँटेना, टेराहर्ट्झचा (फार उंच फ्रिक्वेन्सीचा रेडिओ) सिग्नल, पण शरीरात बहुतेक पाणीच, ते सिग्नल गिळून टाकतं, फार तर काही मिलिमीटर जातो. म्हणून काहीजण म्हणतात रेडिओ सोडा, पेशी जसे रेणू सोडून निरोप देतात तसंच करू. २०१५ मध्ये आयईईई या इंजिनिअर लोकांच्या जागतिक संस्थेने याचं स्टँडर्डसुद्धा काढलं. थट्टेवारी नेण्यासारखा विषय नाहीये हा.

पण तो निरोप शेवटी जाणार कुठे? अंगावरच्या एका गेटवेकडे, म्हणजे निरोप पुढे पाठवणाऱ्या डबीकडे, तिथून फोनकडे, फोनवरून कंपनीच्या सर्व्हरवर. व्हिडिओत हा भाग कधीच नसतो आणि आमच्या घरी नेमका हाच भाग झोपला.

आईच्या दंडावर साखरेचा सेन्सर असतो. त्यात नॅनो वगैरे काही नाही, कातडीखाली एक बारीक तंतू, दर काही मिनिटांनी मोजतो. एका रात्री ॲप आपोआप अपडेट झालं आणि सकाळी उघडेचना, तुमच्या फोनची सिस्टिम जुनी आहे म्हणे. सेन्सर चालू आहे, मोजतोय, साखर आईची, दंड आईचा, आणि आकडा आईलाच दिसत नाही! कस्टमर केअरवाली गोड आवाजात, "सर, डिव्हाइस बदलावं लागेल." कुठलं डिव्हाइस बाई, फोन की आई?

आता म्हणाल एवढ्याशा गोष्टीवरून एवढं काय. ठीक आहे, मान्य, याच सेन्सरने एकदा झोपेत तिची साखर उतरलेली पकडली होती. आई साखर उतरली की आधी चिडचिड करते, मग गप्प होते, आणि ती गप्प झाली की आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. तो गोळा घालवणारं काहीही निघालं, रक्तात पोहणारं का असेना, मी रांगेत पहिला उभा राहीन. खरंच.

पण त्या दिवशी आई वैतागून म्हणाली, काढून टाक रे ही कटकट, आणि काढता आली. ओढलं, निघालं. रक्तात सोडलेली लाखो यंत्रं कशी ओढून काढणार? आर्गस टू नावाचं, अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवायचं इम्प्लांट साडेतीनशेवर लोकांना बसवलं होतं, २०२० मध्ये कंपनीच बुडायला आली, यंत्र लोकांच्या डोळ्यात तसंच आणि बिघडलं तर विचारायचं कुणाला? आणि अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी, त्यांच्या छातीतल्या हृदयाच्या यंत्राचं वायरलेस २००७ मध्ये बंद करून घेतलं, कुणी हॅक करून मारेल या भीतीने. उपाध्यक्षाला बंद करून मिळतं. माझ्या आईला त्या ॲपने अपडेट होण्याआधी विचारलंसुद्धा नाही!

एकाने व्हिडिओखाली लिहिलंय, डेटा गेला तर गेला, जीव महत्त्वाचा. अरे बाबा, आमचा डेटा कुणी चोरला नव्हता. होता तिथेच होता, फक्त जिचा तिला देत नव्हते. आधी एवढं लिहून द्या की नेट असो नसो, कंपनी राहो न राहो, आकडा आधी पेशंटला दिसेल आणि बंद करायचं बटण त्याच्याच हातात असेल. मग पोहू देत काय पोहायचं ते.

आईला नवा फोन घेतलाय, ॲप चालतंय. तरी बोट टोचायच्या पट्ट्या ती स्वतः आणून कपाटात ठेवते आणि मी काही बोलत नाही. फोनशिवाय, वेगळ्या रीडरवर चालणारा सेन्सर कुणी स्वतः वापरत असेल तर कमेंटमध्ये सांगा. जाहिराती नकोत.