फेब्रुवारीचा खोका

जानेवारी संपत आला की आमच्या लायब्ररीच्या अडगळीतून एक खोका निघतो. आत मार्टिन ल्यूथर किंग यांचं कोपरा फाटलेलं पोस्टर, बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सच्या बसची रंगवायची चित्रं, लाल-काळ्या-हिरव्या क्रेपच्या पट्ट्या. तासाभरात ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे अमेरिकेत फेब्रुवारीत साजऱ्या होणाऱ्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्याचा, फळा सजतो, एक मार्चला उतरतो. सहा वर्षं मी तिथे टाचण्या मारतेय, तेव्हा खोक्याला नावं ठेवायचा हक्क मला आहे!

माझं म्हणणं एवढंच, की लायब्ररीला हा महिना साजरा करायचाय ना? मग आधी लायब्ररीच्या दाराची गोष्ट सांगा. कोणाला आत घेत नव्हते, ती.

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. इथून अर्ध्या तासावरच्या अलेक्झांड्रियात १९३७ साली सार्वजनिक लायब्ररी उघडली. सार्वजनिक, पण कार्ड फक्त गोऱ्यांना. सॅम्युअल टकर हा २६ वर्षांचा कृष्णवर्णीय वकील तिच्या जवळच लहानाचा मोठा झालेला. २१ ऑगस्ट १९३९ ला त्याने तयार केलेले पाच तरुण नीटनेटके कपडे करून एकेक आत गेले. कार्ड मागितलं, मिळालं नाही. मग प्रत्येकाने एक पुस्तक काढलं आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून वाचायला लागले. घोषणा नाही, वादावादी नाही. पोलिसांनी पाचही जणांना धरून नेलं आणि आरोप ठेवला तो चक्क गैरवर्तनाचा. चौदा वर्षांचा बॉबी स्ट्रेंज पाळतीवर होता. तो खबर घेऊन टकरच्या ऑफिसात धावला.

कोर्टाने निकाल दिलाच नाही. शहराने १९४० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळी, छोटी लायब्ररी बांधून दिली. तिथलं कार्ड टकरला देऊ केलं, ते त्याने लेखी नाकारलं. आणि त्या पाच जणांवरचे आरोप रद्द झाले २०१९ मध्ये. ऐंशी वर्षांनी! (आपण उगाच आपल्याकडच्या तारखांना बोल लावतो.) चवदार तळ्याचं नाव मी मुद्दाम काढत नाही, तुम्हाला ते केव्हाच आठवलं असेल.

तर यंदा मी हट्टच धरला. पाच टेबलं, पाच खुर्च्या, प्रत्येक टेबलावर त्यातल्या एकाच्या नावाची पाटी आणि एक पुस्तक. मुलांनी दहा मिनिटं गुपचूप वाचायचं, बस्स. आणि एकाने बॉबी होऊन ग्रंथपालबाईंकडे धावत खबर न्यायची. लायब्ररीत धावायची परवानगी म्हटल्यावर बॉबीसाठी ही रांग! आमचे चिरंजीवही, "आई, मला वाचणारा नको, पळणारा कर."

प्रश्नमंजूषा, बुकमार्क वगैरे झालंच. पण मोठ्या मुलांना रमवलं ते कपाटाच्या खेळाने. हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्या काळी बऱ्याच लायब्रऱ्यांत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक आलं, की विषय कोणता का असेना, पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई पद्धतीतल्या ३२६ या क्रमांकाखाली, म्हणजे गुलामगिरीत, नाहीतर ३२५ खाली, वसाहतीत टाकायचे. कवितासंग्रहसुद्धा! पोर्टरबाईंनी ते मोडून कविता कवितेत, इतिहास इतिहासात लावला. आम्ही मुलांपुढे वीस पुस्तकं ठेवली आणि म्हटलं, लावा. मग ३२६ चा नियम सांगितला आणि पुन्हा लावायला लावली. एक मुलगी चिडून निघूनच गेली. मला तर तेव्हाच खेळ जमला असं वाटलं.

म्हणूनच फेब्रुवारीपुरतं वेगळं टेबल मला खटकतं. टेबल मांडा, पण मार्चमध्ये ती पुस्तकं नेहमीच्या कपाटात, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर दिसू देत.

आमच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "हा काही आपला महिना नाही." त्यांच्यासाठी मी एका कोपऱ्यात जोतीरावांची 'गुलामगिरी' ठेवली. १८७३ सालचं पुस्तक, आणि अर्पण केलंय कोणाला? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉईस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं होतं, त्याबद्दलही एक चिठ्ठी लावली.

रोज पेपर वाचायला येणारे एक कृष्णवर्णीय आजोबा तिथे थबकले. ही लिपी कुठली, विचारलं. मग ती अर्पणपत्रिका मला मराठीतच मोठ्याने वाचायला लावली. मी अर्थ सांगत 'सदाचारी लोक'पर्यंत आले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सगळे?"