अ‍ॅडमिट व्हा, मग बोलू

"अगं, मानसिक आजार आता कव्हर आहे, कायदाच आलाय." आमचे विमा एजंट काका हे दर रिन्यूअलला सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. कव्हर आहेच. फक्त त्यासाठी माणूस निदान चोवीस तास हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेला हवा.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मनःस्थिती टोकाची वर-खाली होणारा आजार. (लिहिण्याआधी त्याला विचारलंय. म्हणाला, "लिही, फोटो तेवढा टाकू नकोस.") तो नोकरी करतो, इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवतो, आईशी मीठ-तिखटावरून भांडतो. त्यावरचं औषध, लिथियम, नेमाने घेतो, डॉक्टरांकडे वेळच्या वेळी जातो, म्हणून बरीच वर्षं त्याला अ‍ॅडमिट करायची वेळ आलेली नाही. लिथियमची गोळी तशी स्वस्त. खर्च होतो तो डॉक्टरांच्या फीवर आणि तपासण्यांवर. रक्तातली लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी बघायची असते, म्हणून आदल्या रात्री गोळीची वेळ घड्याळ लावून पाळायची आणि सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जाऊन बसायचं. सोबत थायरॉइड आणि क्रिएटिनिन. कारण हे औषध थायरॉइड आणि मूत्रपिंड दोन्हींवर परिणाम करू शकतं. हे सगळं ओपीडीत, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांत, मोडतं आणि यातला एक रुपयाही विम्यातून येत नाही.

कायदा वाचला तर छान वाटतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017चा, लागू झाला 29 मे 2018ला. कलम 21(4) म्हणतं की शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ऑगस्ट 2018मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. पुन्हा ऑक्टोबर 2022मध्ये सांगावं लागलं की 31 तारखेपर्यंत सगळ्या पॉलिसी कायद्याप्रमाणे करा. मधल्या काळात, 2021मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने मानसिक आजार म्हणून नाकारलेला एक क्लेम कंपनीला द्यायला लावला.

पण मेख "त्याच आधारावर" इथेच आहे. कंपनी म्हणते, आम्ही शुगरवाल्यालाही ओपीडीचे पैसे देत नाही, मग भेदभाव कुठे झाला? बरोबर. पण शुगरवाल्याचा पाय चिघळला, हार्टचं काही निघालं, तर तो हॉस्पिटलात जातो आणि विमा कामाला येतो. डिप्रेशन, ओसीडी (मंत्रचळ), बायपोलर यांचे उपचार बहुतांशी ओपीडीतच होतात, आणि ते नीट चालले तर पेशंट तिथेच राहतात. म्हणजे भाऊ जितका बरा, तितका त्याचा विमा निरुपयोगी. बिघडला की मात्र हॉस्पिटलात भरतीपूर्वीचा आणि नंतरचा काही दिवसांचा खर्चसुद्धा मिळतो! औषधं बंद करून आजारी पडलेल्याला पैसे मिळतात आणि औषधं चालू ठेवणाऱ्याला नाही. या हिशोबात कंपनीचा तरी काय फायदा आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

डॉक्टर शोधण्याची गंमत वेगळीच. कंपनीच्या अ‍ॅपवर इंदूर टाकलं, सायकियाट्री टाकलं, यादी आली. फोन लावला तर रिसेप्शनवरून, "डॉक्टर साहब हफ्ते में दो दिन आते हैं मॅडम, कैशलेस सिर्फ भर्ती पर।" ज्या डॉक्टरांना भाऊ दाखवतो, त्यांचं स्वतःचं क्लिनिक आहे, ते कुठल्याच यादीत नाही. अ‍ॅपमध्ये "मेंटल वेलनेस" म्हणून फुकट सेशन आहेत, पण तिथे काउन्सेलर असतात. त्यांच्याशी बोलून बरं वाटत असेल तर जरूर बोला, पण लिथियमचा डोस कमी-जास्त करायला सायकियाट्रिस्टच लागतो.

आणि आपण मध्य प्रदेशात राहतो. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात ज्या राज्यांची पाहणी झाली, त्यांत लाख लोकसंख्येमागे सर्वांत कमी सायकियाट्रिस्ट आपल्याकडे निघाले: 0.05. म्हणजे वीस लाख माणसांमागे एक. केरळात हाच आकडा 1.2 होता. इंदूरकर म्हणून आपण त्यातल्या त्यात नशीबवान, खरगोन-झाबुआवाल्यांना आधी बसचं तिकीट काढावं लागतं.

सरकारी सोय आहे. एमवाय हॉस्पिटलची ओपीडी आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. रांग लांब असते, पण खर्च नावाला. आमच्या घरी बाणगंगेचं नाव लहानपणापासून फक्त चेष्टेत घेतलं गेलं, म्हणून तिथे जाण्याचं सुचवलं की आजही काकू-मावशांचे चेहरे बदलतात. त्यांनी बदलावेत खुशाल. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे.

नवी पॉलिसी घेत असाल तर आजार लपवू नका, एजंट कितीही "लिहायची काय गरज" म्हणाला तरी. आधीच्या आजारासाठी वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त 36 महिने ठेवता येतो, तेवढं थांबता येतं. लपवलेलं निघालं तर पॉलिसीच जाऊ शकते. दारू किंवा नशा सोडवण्याचे उपचार मात्र बहुतेक पॉलिसींत आजही वगळलेले सापडतील, जरी कायद्याच्या व्याख्येत दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. हॉस्पिटलची व्याख्याही वाचा. ठरावीक कायद्यांखाली नोंदणी नसेल तर इंदूरसारख्या शहरात पंधरा खाटा आणि सुसज्ज ऑपरेशन थिएटर मागतात. सायकियाट्रिस्ट ऑपरेशन थिएटरमध्ये काय करणार, देव जाणे.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर भोपाळला विमा लोकपाल बसतो. फी नाही, वकील लागत नाही.

आमचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. काकांनी ओपीडीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, दाखवला. वर्षाची मर्यादा तुटपुंजी, डॉक्टर अ‍ॅपच्याच यादीतले, आणि प्रीमियम जवळजवळ मिळणाऱ्या रकमेइतका. मी नाही म्हटलं. ते पैसे मी भावाच्या आरडीत टाकतेय, डॉक्टर त्याचेच राहतील. मूळ पॉलिसी मात्र सोडणार नाही. काकांना हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलंय आणि विचारलंय, की बायपोलरचं फॉलो-अप देणारी एकतरी साधी पॉलिसी त्यांच्याकडे आहे का. दोन निळ्या टिका दिसताहेत.