शिळं पाणी, रविवारची भाजी आणि पहाटेचे पाच : त्या ‘७ सवयी’वाल्या मेसेजला माझं उत्तर

पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, माहेरच्या, भिशीच्या, पोराच्या शाळेच्या आणि गल्लीच्या. ‘घर पळेल घड्याळासारखं, फक्त ७ सवयी, रोज २ तास वाचवा.’ ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १) पहाटे ५ ला उठा. २) दोन मिनिटांचं काम दिसलं की लगेच करून टाका. ३) रविवारी आठवड्याची भाजी चिरून आणि पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवा. ४) रात्रीचं उरलेलं पाणी सकाळी ओतून द्या, शिळं पाणी म्हणजे विष. ५) चार्जरची बटणं आणि रात्री फ्रिज बंद करा, बिल अर्धं येईल. ६) २१ दिवस करा, सवय कायमची लागते. ७) घरातल्या बाईनं एवढं पाळलं की रोज दोन तास मोकळे. आणि खाली एक ओळ, की आपल्या आई-आजीकडं सिस्टिम नव्हती म्हणून त्या दिवसभर राबल्या.

पाण्याचं आधी बोलते, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसले. परवा सकाळी शेजारची नवीन लग्न होऊन आलेली पोरगी भरलेला हंडा मोरीत पालथा करायली होती. मी म्हणलं अगं काय करायलीस, तर म्हणे काकू ते शिळं झालंय, तुम्ही मेसेज नाही का वाचला. माझ्या डोळ्यासमोर तो हंडा गेला गटारात. हे लातूर आहे हो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावायची पाळी आली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. ज्यांनी तेव्हा रात्र रात्र टँकरची वाट बघितली त्यांनी तरी हा मेसेज पुढं ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. पाणी म्हणजे काही दूध नाही की एका रात्रीत नासेल. घासलेल्या भांड्यात भरलेलं, झाकलेलं शुद्ध पाणी सकाळी जसंच्या तसं असतंय. फरक पडला तर चवीत थोडा, कारण क्लोरीनचा वास उडून जातो. पाणी खराब होतं ते आपल्या हातानं, झाकण उघडं राहिलं, लेकरानं बोटं बुडवून ग्लास भरला, वगराळं खाली पडलं आणि तसंच परत आत गेलं. त्याला उपाय लांब दांड्याचं वगराळं किंवा तोटीचं पिंप, ओतून देणं नाही. हिशोब करून बघा, चार माणसांच्या घरात रोज एक घागर म्हणजे पंधरा लिटर धरा, महिन्याला ४५० लिटर झालं, दोन टिपाडं म्हणजे मोठे ड्रम भरून वर उरतंय. आमच्या गल्लीत नळ सुटतो आठवड्यानं, कधी त्याहून उशिरानं. मग रोज ताजं आणायचं कुठून?

आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई, औशाकडच्या, आडावरून पाणी ओढून आणलेल्या बाई. त्यांनी पण रोज सकाळी घागर रिकामी केली, पण एक थेंब मोरीत गेला नाही. कालचं पाणी सड्याला, तुळशीला, म्हशीला आणि मगच घागर चिंचेनं घासून नवीन पाणी. सवय मूळची ही आहे. मेसेजवाल्यानं तिच्यातलं ‘घासून’ काढून टाकलं आणि ‘ओतून द्या’ तेवढं ठेवलं.

आणि खरी भीती कशाची आहे ते त्या मेसेजमध्ये नाहीच. डेंग्यूचा डास आपल्या घरातल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, टिपाड, हौद, कुलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. पण नुसतं पाणी ओतून उपयोग नाही कारण अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेघेजवळ चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत, परत पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून घासायचं, आणि नीट घासायचं. आमच्याकडं नळ यायच्या आदल्या दिवशी टिपाडाच्या तळाचं पाणी फरशीला आणि संडासाला वापरतो, मग टिपाड आतून खरडून घासायचं, उन्हात पालथं घालायचं, आणि भरलं की तोंडाला जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधायचं. अर्धा तास जातो, पण आठवड्यातून एकदाच.

दुसरं, रविवारची भाजी आणि पीठ. हा सल्ला लिहिणाऱ्याच्या घरात चपातीच होत असणार. गव्हाची कणीक मळून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवली तर चालून जातं, मी पण ठेवते, पण आठवडाभर ठेवली तर काळी पडते आणि आंबते. आणि आपल्याकडं तर भाकरी आहे. जवारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, तिला चिकटपणा येतो तो उकळत्या आधणानं, पीठ गरम पाण्यात फुलतं तेव्हा. ते पण एका भाकरीपुरतं काठवटीत घ्यायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं आणि लगेच थापायचं. मळून ठेवलेला गोळा तासाभरानं थापून बघा, कडेनं चिरा पडतात, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. पीठ दळूनच महिना झाला असंल तर त्याची विरी गेलेली असते, मग कितीबी आधण घाला, भाकरी येत नाही. म्हणून जवारीचं पीठ थोडं थोडं, आठ-दहा दिवसांचंच दळून आणायचं, ही आमच्या घरातली वेळ वाचवणारी सवय, कारण मोडलेली भाकरी परत थापण्यात जेवढा वेळ जातो तेवढा कशातच जात नाही.

भाजीचं पण तसंच. चिरलेली भाजी चार दिवसांत सुटते, कडेनं काळी पडते, कांद्याचा वास सगळ्या फ्रिजला. मेथी-पालक धुवून ठेवली तर तिसऱ्या दिवशी चिखल. आठवडी बाजारातून आणली की निवडून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि चिरायची त्या दिवशीच. आधी करून ठेवण्यासारखं काय आहे तर लसूण सोलून ठेवा, शेंगदाणे भाजून कूट करून ठेवा, डाळ शिजायला लावायच्या आधी अर्धा तास भिजू द्या म्हणजे गॅस कमी लागतो.

आणि इथंच ती ‘आई-आजीकडं सिस्टिम नव्हती’ ही ओळ मला लागली. येसर काय आहे मग? धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळून ठेवलेलं, पाहुणा दारात आला की फोडणीला पाणी, उकळी, वरून येसर, दहा मिनिटांत आमटी. वर्षाचं काळं तिखट उन्हाळ्यात एकदाच कुटून बरणीत. कुरडया, शेवया, सांडगे, पापड, चैत्र-वैशाखाचं ऊन फुकट मिळतं तेव्हा चार घरच्या बाया मिळून एका घरचं एक दिवस करायच्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचं, आणि पावसाळ्यात भाजी महाग झाली की तेच ताटात. त्या दिवसभर राबल्या ते सिस्टिम नव्हती म्हणून नाही, पाणी आडावर होतं, दळण जात्यावर होतं आणि सरपण रानात होतं म्हणून. हे लिहिणाऱ्याला माहीत नसंल तर त्यानं विचारायचं होतं कुणाला तरी.

बिलाचं. चार्जर नुसता बोर्डात राहिला तर तो पाव वॅटच्या आसपास खातो, कधी त्याहूनही कमी. वर्षभर लावून ठेवला तरी दोन-सव्वादोन युनिट. बटण बंद करा, लेकरं वायर तोंडात घालतात म्हणून करा, पण त्यानं बिल अर्धं होणार नाही. आणि फ्रिज रात्री बंद करायचा हे तर नुकसानीचं आहे. आमच्या छोट्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला १९० युनिट लिहिलंय, म्हणजे दिवसाला अर्धं युनिट, आठ तास बंद ठेवला तर पाव युनिटाच्याही आतच वाचलं म्हणा, त्यातलं बरंचसं सकाळी परत थंड करण्यात जातं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, रात्री पण भिंती तापलेल्या असतात तेव्हा, आतलं दूध आणि वरण ५ अंशाच्या वर जायला किती वेळ लागतो? सकाळी तेच लेकरांना देणार का आपण?

बिल खरंच कमी करायचं असंल तर वर बघा, पंख्याकडं. जुना पंखा ७५ वॅटचा, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. आपल्याकडं पंखा पंधरा तास तर फिरतोच, म्हणजे एका पंख्यामागं महिन्याला वीस युनिट वाचतात. दोन पंखे बदलले की चाळीस. आणि १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चढा लागतो, त्यामुळं त्या रेघेच्या अल्याड राहिलो तर फरक बिलावर दिसतो. मी एकदम नाही बदलले, एक गेल्या दिवाळीला, एक या उन्हाळ्यात.

पहाटे ५ ला उठायचं म्हणता, तर आमचा नळ कधी रात्री दीडला सुटतो, भरून होईपर्यंत साडेतीन. गावाकडं शेताची लाईट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन रात्रभर पिकाला पाणी देत दारं धरतो, त्यानं पाचला उठायचं का पाचला झोपायचं? झोप मोडून उठलेलं माणूस दिवसभर चिडतं आणि दुप्पट चुका करतं. ज्या घरात पाण्याची न्‌ लाईटची वेळ ठरलेली आहे त्यांनी उठावं, चांगलंच आहे, पण ज्यांना जमत नाही त्यांना आळशी म्हणू नका.

दोन मिनिटांचा नियम मूळ डेव्हिड ॲलन नावाच्या अमेरिकन सल्लागाराचा. टेबलावरचे कागद, निरोप एकदा निवडायला बसलात आणि एखादं काम दोन मिनिटांत होणारं असंल तर तिथंच उरकून टाका, असं त्याचं म्हणणं. निवडायला बसल्यावर, दिसेल तेव्हा नाही. घरात तर दोन मिनिटांची कामं दर दोन मिनिटाला दिसतात, तव्यावर भाकरी टाकून मी पोराची चप्पल उचलायला गेले तर भाकरी जळणारच. जिन्याच्या पायथ्याला एक टोपली ठेवलीय, वर जायचं सामान तिच्यात, जो वर जाईल तो घेऊन जाईल. एवढंच, पण दिवसाच्या दहा चकरा वाचल्या.

२१ दिवसांचं मला पण आधी खरं वाटायचं. ते आलंय मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून, १९६० साली त्यानं लिहिलं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस तरी लागतात. त्यातलं ‘कमीत कमी’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी घरकाम आलं. नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सोबतच्या संशोधकांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष बघितलं, तर सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४, सरासरी ६६. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. हे मुद्दाम सांगते कारण माझी नणंद बावीसाव्या दिवशी रडायली होती, वहिनी मला जमतच नाही म्हणून. जमंल की गं बाई, दोन महिने तरी दे स्वतःला. आणि सवय तारखेला बांधू नको, रोजच्या एखाद्या गोष्टीला बांध, आमचं टिपाड घासणं नळाच्या पाळीला बांधलंय म्हणून तर टिकलं.

राहिला सातवा मुद्दा, ‘घरातल्या बाईनं’. २०१९ मध्ये सरकारनं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांची ९७. शंभरातले सव्वीसच पुरुष करतात म्हणे, बाकीचे हातच लावत नाहीत. मग सातच्या सात सवयी त्या पाच तासवालीलाच कशाला सांगायलेत?

आमच्याकडं दोन वर्षांपासून पाणी पोराकडं आणि ह्यांच्याकडं आहे. पोरगा नववीत, मोटर लावणं, पाईप फिरवणं, गच्चीची टाकी भरली का बघणं त्याचं, टिपाडं ह्यांची. पहिल्यांदा टिपाड घासलं त्या दिवशी ह्यांनी ते आडवं करून खांद्यापर्यंत हात आत घातला, तळाला पोचता येईना म्हणून डोकं पण आत, आणि दहा मिनिटांनी कंबर धरून उठले. मला म्हणले, तू इतकी वर्षं असंच करायलीस? दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारातून लांब दांड्याचा ब्रश घेऊन आले. ऐंशी रुपयांचा. आता ते टिपाड उभ्यानं घासून होतंय, दहा मिनिटांत.