ट्रेलर मागे घेणारा आणि मागे उभी राहणारी

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सगळी पोस्ट वाचायचे कष्ट नकोत. ज्या घरात ट्रेलर रिव्हर्स घेता येणारं माणूस एकच आहे, त्या घरानं कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊ नये. भाड्यानंसुद्धा.

आमच्या मिशिगनमधल्या मराठी मंडळींत ट्रेलरचं खूळ कोविडच्या उन्हाळ्यात शिरलं आणि ते काही गेलं नाही. एकानं घेतला की दुसऱ्याला चैन पडत नाही. पंचवीस फुटांचं चाकांवरचं घर, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास. घेताना चर्चा कशाची होते? आई-बाबा भारतातून आले की झोपणार कुठे, शेगडीवर कुकर बसेल का, आपली गाडी किती वजन ओढेल. हा अगडबंब प्रकार दोन झाडांच्या मधल्या जागेत मागच्या मागे घालायचा कसा, हे कुणी विचारत नाही. "ते काय, जमेल." कुणी जमवायचं हेही न बोलता ठरलेलं असतं. नवरा स्टेअरिंगवर. बायको मागे उभी, डास मारत.

लेक मिशिगनच्या काठी लडिंग्टन स्टेट पार्क आहे. जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये पायी एक चक्कर मारा. मराठी, तेलुगू, पंजाबी, इंग्रजी, भाषा कुठलीही असो, संवाद एकच.

"येऊ दे, येऊ दे... डावीकडे! अरे डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"तुझ्या!"

तो बिचारा स्टेअरिंग डावीकडे फिरवतो, आणि ट्रेलरचं बूड निघतं उजवीकडे, थेट झाडाच्या दिशेनं. मग तिचा आवाज चढतो आणि त्याची काच वर जाते. शेजारच्या साइटवरची मंडळी हातातला कणीस भाजायचा चिमटा तसाच धरून बघत राहतात.

यात चूक त्याची नाही आणि तिचीही नाही. ती त्याच्याकडे तोंड करून उभी असेल तर तिचं डावं हे त्याचं उजवं. शिवाय डावीकडे काय जायला हवंय, स्टेअरिंग की ट्रेलरची शेपटी? कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात. एका शब्दाचे चार अर्थ निघत असतील तर भांडण न झालं तरच नवल.

उलट का चालतात ते एकदा नीट समजून घेतलं की निम्मी भीती जाते. ट्रेलर अडकवायचा गोळा गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे, बंपरखाली असतो. पुढे जाताना ट्रेलर ओढला जातो आणि मुकाट येतो. मागे जाताना तो ढकलला जातो. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडीचं बूड उजवीकडे सरकतं, त्याबरोबर ट्रेलरचं नाक उजवीकडे ढकललं जातं, आणि ट्रेलर स्वतःच्या चाकांभोवती फिरून शेपटी डावीकडे टाकतो. म्हणून जुने लोक सांगतात की हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा. वर नाही, बाजूला नाही, अगदी खाली. मग शेपटी जिकडे न्यायचीय तिकडे हात न्या. डोकं चालवायचंच नाही.

इथपर्यंत सगळेच सांगतात. खरी गोम त्यापुढे आहे. ट्रेलर वळायला लागला की नवशिका खूश होऊन स्टेअरिंग तसंच धरून ठेवतो. कोन वाढत जातो, वाढत जातो, आणि एका क्षणाला ट्रेलर कात्रीसारखा मिटून त्याचा कोपरा गाडीच्या बुडाला लागायला येतो. त्या कोनाच्या पलीकडे गेलात की मागे जात राहून कितीही स्टेअरिंग फिरवा, तो सरळ होत नाही. पुढे घ्यावंच लागतं. तेव्हा ट्रेलर वळायला लागला रे लागला की स्टेअरिंग उलटं फिरवून त्याच्या मागोमाग जायचं असतं.

हे मला सगळ्यात नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं असेल, तर वाळवा तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या दादांनी. ते मामांचा ट्रॅक्टर चालवायचे. लहानपणी मी मडगार्डवर बसून त्यांना ट्रॉली गोठ्याच्या कोपऱ्यात घालताना बघितलंय, पण तेव्हा त्यात काही विशेष आहे असं वाटलं नव्हतं. मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, दादा, हे कसं जमतं तुम्हाला? म्हणाले, "ताई, स्टेअरिंगकडं बघायचंच न्हाई. ट्रॉलीच्या मागल्या चाकाकडं बघायचं. ती वळली की तिच्या मागनं जायाचं. तिला पुढनं आडवायला गेला की आडकला."

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्यांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींसाठी सांगते. आमच्याकडे यात्रेत कुस्त्या आणि बैलगाडा शर्यती होतात तशा ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धाही होतात. फक्कीनं आखलेल्या रेघांमधून ट्रॉली मागच्या मागे न्यायची, रेघेला चाक लागू द्यायचं नाही, घड्याळ चालू. काही ठिकाणी एकामागे एक दोन ट्रॉल्या लावून. एक ट्रॉली स्टेअरिंगच्या उलट जाते. दुसरी त्या पहिलीच्या उलट. म्हणजे उलट्याचं उलटं, आणि पहिली जरा जरी वाकडी झाली की दुसरी दुप्पट सूड घेते. चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या चाकांची दांडी स्वतंत्र वळते, त्यामुळे ती एकटी असली तरी तिचा हिशेब असाच. कारखान्याच्या हंगामात रात्री-बेरात्री उसानं भरलेल्या जोडट्रॉल्या घेऊन नंबर लावणारी ही पोरं. आपल्या घरांत त्यांचा उल्लेख "नुसता ड्रायव्हर" असा होतो. इकडे एका ट्रेलरची रिव्हर्स शिकायला लोक तासाला पैसे मोजतात.

आता कुणी म्हणेल, मागे घ्यायलाच कशाला हवं? सरळ आत शिरून सरळ बाहेर निघायच्या साइट असतातच की. असतात, पण चांगल्या जागी कमी असतात, आणि त्याला कारण आहे. १९२०च्या दशकात अमेरिकन लोक मोटारी घेऊन जंगलात घुसायला लागले आणि वाट्टेल त्या झाडाखाली गाडी लावायला लागले. वनस्पतींच्या रोगांचे तज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या जंगलांत बघितलं की चाकांनी आणि पायांनी मुळांवरची माती दाबली जाऊन झाडं खंगतायत. १९३२मध्ये त्यांनी कॅम्पग्राउंडची आखणीच मांडली: एकेरी वाहतुकीचा वळसा रस्ता, त्याला फुटलेला प्रत्येक साइटचा छोटा, पुढे बंद असलेला फाटा, गाडी त्या फाट्यातच, आणि कडेला मोठाले दगड नाहीतर ओंडके, म्हणजे कुणी मुळांवर चाक घालणार नाही. पुढे १९३३पासून सरकारच्या 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'मधल्या बेकार तरुणांनी देशभर अशी कॅम्पग्राउंडं बांधली. लडिंग्टनच्या पार्कातही त्यांनी काम केलंय. तो फाटा त्या काळच्या मोटारीच्या मापाचा होता, आपण त्यात पंचवीस फुटी घर घालतो. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये तर आजही चोवीस फुटांपेक्षा लांब ट्रेलर चालत नाही. तेव्हा रिव्हर्स घेताना तो कडेचा दगड मधे आला की त्याला शिव्या देऊ नका. तो झाडाच्या बाजूनं आहे.

परवान्याचं सांगते, कारण भारतातले नातेवाईक हे ऐकून नेहमी चाट पडतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत साध्या कारच्या परवान्यावर असा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. ज्यानं आयुष्यात कधी सायकललाही काही बांधून ओढलं नाही, तो शनिवारी सकाळी तीन टन मागे लावून हायवेवर. ब्रिटनमध्ये निदान १ जानेवारी १९९७नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा होती आणि तीत रिव्हर्स घेऊन दाखवावं लागायचं. १६ डिसेंबर २०२१पासून तीही रद्द झाली. का, तर लॉरी ड्रायव्हरांचा तुटवडा होता आणि परीक्षक त्यांच्या परीक्षांसाठी मोकळे करायचे होते. कारण समजतं, तरी निर्णय मला पटलेला नाही. भाड्यानं ट्रेलर देणारेही तेच करतात. एका ठिकाणी आम्हाला संडासाची टाकी रिकामी कशी करायची हे साग्रसंगीत दाखवलं, हातमोजे घालून. मागे कसा घ्यायचा यावर? "हळूहळू घ्या."

यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांचा एक पंथ आहे, आणि डेट्रॉइटच्या आसपास राहत असल्यानं माझ्या घरी तो जेवायलाही येतो. फोर्डनं २०१६च्या एफ-१५० पिकअपमध्ये एक गोल बटण दिलं. शेपटी जिकडे न्यायची तिकडे ते फिरवायचं, स्टेअरिंग आपोआप फिरतं, माणसानं फक्त पेडल सांभाळायचं. उत्तम आहे, मी स्वतः वापरून बघितलंय. पण ट्रेलर बदलला की त्याला आधी ट्रेलरची मापं शिकवावी लागतात. आणि त्या बटणाला वरची फांदी दिसत नाही. ट्रेलरच्या टपावर एसी असतो, सगळे खाली बघत असतात, आणि ओकची फांदी वर वाट बघत असते.

म्हणूनच मागे उभी राहणारी, किंवा राहणारा, हे काम बटणावर जात नाही. पण ते काम म्हणजे हात हलवणं नव्हे. आधी दोघांनी उतरून जागा पायाखालून घालायची. खुंट, दगड, बाकडं, शेकोटीचं लोखंडी कडं. ट्रेलरला वीज घ्यायचा खांब कुठे आहे? इथल्या ट्रेलरची वायर ड्रायव्हरच्या बाजूला असते, त्यामुळे खांब त्या बाजूला, वायर पोचेल इतका जवळ आणि धक्का लागणार नाही इतका लांब हवा. भिंत बाहेर सरकवायची सोय असेल तर तेवढी जागा झाडापासून सोडायची. हे सगळं ठरल्यावरच चाक हलवायचं.

आमच्या घरात डावं-उजवं बंद आहे. "शेपटी खांबाकडे", "शेपटी तळ्याकडे", एवढंच. आणि उभं राहायचं ते ड्रायव्हरला आरशात दिसेल तिथेच. माणूस आरशातून गेलं की गाडी थांबली पाहिजे, हाक ऐकू येवो न येवो, कारण ते माणूस ट्रेलरच्या मागे असू शकतं. मुलं असतील तर तेवढा वेळ ती बाकड्यावर, तिसऱ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात.

आणि आता मूळ मुद्दा, जागा बदलायचा. नुसत्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला ट्रेलर किती उशिरा ऐकतो हे कळूच शकत नाही. शेपटी झाडाशी आल्यावर ती ओरडते, तोवर वेळ गेलेली असते. स्वतः स्टेअरिंगवर बसली की तिला कळतं की खूण गाडीभर आधी द्यावी लागते. आणि नवरा मागे उभा राहिला की त्याला कळतं की मागून एका वेळी एकच बाजू दिसते, आणि "तू आधी का नाही सांगितलंस" हा प्रश्न किती अन्यायाचा आहे. शिवाय परतीच्या वाटेवर त्याची पाठ धरली, ताप आला, तर? पेट्रोल पंपावर पुढचा रस्ता बंद निघाला, तर?

शिकायला उन्हाळ्यात बंद असलेल्या शाळेचं पार्किंग पुरतं, परवानगी तेवढी विचारून घ्या. दुधाचे प्लास्टिकचे रिकामे कॅन पाण्यानं भरून साइटच्या मापात मांडा. चिरडले तर चिरडले. आणि लहान ट्रेलर सोपा, या समजात राहू नका. आखूड ट्रेलर पटकन वळतो आणि पटकन मिटतो, वर मोठ्या गाडीच्या मागे आरशात दिसतही नाही. लांब ट्रेलर आळशी असतो, सावरायला वेळ देतो. ड्रायव्हरच्या बाजूची साइट आधी घ्या, कारण खिडकीतून डोकं काढून शेपटी बघता येते.

पुन्हा पुढे घ्यायला लाजणाऱ्या पुरुषमंडळींसाठी एक माहिती. इथल्या ट्रकच्या व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेतही पुढे घ्यायला आणि उतरून बघायला ठरावीक मुभा असते. पंचवीस टनांच्या ट्रकवाल्यांना जे चालतं, ते कुकर आणि गाद्या घेऊन आलेल्यांना चालायला हरकत नसावी.

"बायकांना रिव्हर्स जमत नाही" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी खुशाल लिहा. आमच्याकडे सध्या माझा हात जास्त बसलाय, आणि नवऱ्याला अजून आरशात दिसेल असं उभं राहायचं नीट कळत नाही, तो सारखा विजेच्या खांबामागे जातो. यंदा आम्ही पाण्याजवळची, पॅसेंजरच्या बाजूला वळणारी साइट घेतलीय. खिडकीतून काही म्हणजे काही दिसत नाही अशी ती जागा, म्हणून आजवर दोघंही ती टाळत होतो. चालवणार तो. उभी मी राहणार आहे.