जर्मनीत थंडी मिळेना

जर्मनीत नवं घर बांधताना सगळ्यांना एकच चिंता असते: आतली ऊब बाहेर जाणार नाही ना? श्टुटगार्टजवळच्या आमच्या घराला तीनपदरी काचा आहेत, फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत आणि शिळी हवा बाहेर टाकण्याआधी तिच्यातली ऊब काढून घेणारं एक चिक्कू यंत्र आहे. दाराला पंखा बसवून घर हवाबंद असल्याची चाचणीही झाली. फट सापडली नाही, म्हणून आम्ही पेढे वाटले.

मग गच्चीवरच्या कुंड्या आत घ्यायची वेळ आली. कण्हेर, ऑलिव्ह, लिंबू. या भूमध्य मंडळींना हिवाळ्यात लागतं ५ ते १० अंश तापमान आणि भरपूर उजेड. गोठायचं नाही, पण उबेतही बसायचं नाही. ऊब लागली की यांना वाटतं वसंत आला. मग डिसेंबरातल्या जेमतेम आठ तासांच्या मरतुकड्या उजेडात फिक्या, लुळ्या फांद्या काढत सुटतात. पाठोपाठ कोरड्या हवेत खवले कीड आणि लाल कोळी राहायला येतात, बिनभाड्याचे.

जुन्या घरांत ही सोय आपसूक असते. समोरच्या आजींच्या जिन्यातली खिडकी नीट लागत नाही, त्यामुळे त्यांची कण्हेर तिथे सुखाने झोपते. चौदाव्या लुईने व्हर्सायला संत्र्याच्या झाडांसाठी १६८४ ते १६८६ या काळात अख्खी दगडी ऑरेंजरी बांधून घेतली. मला ना राजाचा खजिना, ना आजींची खिडकी.

पाहुण्यांच्या खोलीतलं हीटिंग मी बंद केलं. पारा १८ वर आला आणि तिथेच बसला. बाकीच्या खोल्या भिंतींतून प्रेमाने ऊब पाठवत होत्या. खिडकी किलकिली ठेवली, तर हीटिंगवाला कळवळला, "अहो, एवढं इन्सुलेशन कशासाठी केलं तुम्ही?" भूमिगत गॅरेज गार, पण अंधारं. कण्हेर नाइलाजाने तेही चालवून घेते, तिला तिकडे धाडलं. ऑलिव्ह काटक, त्याला ज्यूट गुंडाळून भिंतीच्या आडोशाला उभं केलं.

राहिलं लिंबू. याचे नखरे वेगळेच. मुळं गारठलेली आणि पानांवर काचेतून ऊन, असं झालं की मुळं पाणी पुरवू शकत नाहीत आणि झाड पानं टाकून मोकळं होतं. म्हणून खिडकी उघडी, कुंडीखाली थर्माकोल आणि रात्री उठून थर्मामीटर बघणारा मी. बायको म्हणाली, मुलीच्या तापातही तू इतका उठला नव्हतास. हे अर्धसत्य आहे.

आईला फोनवर सांगितलं.

"कण्हेर? ती तर इथे हायवेच्या डिव्हायडरवर वाढते. तिला कसलं आलंय हीटिंग?"

"हीटिंग नकोच आहे गं. थंडी हवीय."

"जर्मनीत? डिसेंबरात? थंडी मिळत नाही?"

नाताळात आई स्वतःच आली. पाहुण्यांची खोली एकच. तिने आत पाऊल टाकलं आणि खिडकी खटकन लावली. लिंबाचा मुक्काम तिथून हलला. तो कुठे हलवायचा, यावर मी आणि बायको बेडरूममध्ये दबक्या आवाजात भांडत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास आला. झाडावर तीन लिंबं होती. आता दोन.

"दिसायला बरं आहे रे," आई डिश पुढे करत म्हणाली, "पण रस काहीच नाही."